भार वेगळा, पीळ वेगळा : डाना ६० या एक्सलचे रसग्रहण

घाटात थांबलेल्या मालट्रकच्या मागच्या चाकाकडे नीट पाहिले, तर मधोमध पुढे आलेली एक जाड लोखंडी तबकडी दिसते आणि तिच्या कडेने बोल्टांचे कडे. ते बोल्ट काढले की आतला लांब शाफ्ट सरळ बाहेर ओढता येतो. त्यासाठी गाडी जॅकवर चढवावी लागत नाही की चाक उतरवावे लागत नाही. शाफ्ट मेकॅनिकच्या हातात येतो आणि मालाने भरलेला ट्रक मात्र जिथल्या तिथे चाकांवर उभा असतो. कॅलिफोर्निया आणि युटामधल्या खडकांवर जीप चढवणारे अमेरिकन लोक मोठी किंमत मोजून आपल्या गाडीखाली बसवतात ती हीच रचना. तिचे तिथले सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे डाना ६०.

दणकट एक्सल निवडायचा म्हटले की बोलणे लगेच जाडीवर येते : किती इंचांचा शाफ्ट, किती जाड नळी, किती मोठा क्राउन (एक्सलमधले मोठे दातेरी चाक). हे आकडे महत्त्वाचे आहेतच, आणि पुढे ते येतील. पण डाना ६० सत्तर वर्षे टिकला, आणि आजही नव्याने बनवून विकला जातो, त्याचे कारण नुसत्या जाडीत सापडत नाही. ते कामाच्या वाटणीत आहे. भार कोणी उचलायचा, पीळ कोणी सोसायचा, वळण कोणी द्यायचे आणि तुटायची वेळ आली तर आधी कोणी तुटायचे, हे या रचनेत आधीच ठरलेले आहे. तिचा आस्वाद घ्यायचा तो ही वाटणी वाचत वाचतच.

आधी घराणे पाहू. क्लॅरेन्स स्पाइसरने १९०३ मध्ये मोटारीच्या युनिव्हर्सल जॉइंटचे पेटंट मिळवले आणि साखळीऐवजी फिरत्या शाफ्टने चाकापर्यंत शक्ती नेण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१४ मध्ये चार्ल्स डाना त्याच्या कंपनीत आला आणि १९४६ मध्ये कंपनीने त्याचे नाव घेतले. तिच्या एक्सलांची ३०, ३५, ४४, ६०, ७० अशी मालिका आहे. आकडा चढत जातो तशी ताकदही. यातला ६० पन्नासच्या दशकाच्या मध्याला आला तो पाऊण टन आणि एक टन वर्गातल्या पिकअप ट्रकांसाठी. मागे ट्रेलर ओढणाऱ्या, शेतावरचे आणि बांधकामाचे सामान वाहणाऱ्या गाड्यांचा हा एक्सल. साठच्या दशकात क्रायस्लरने ४२६ हेमी इंजिनाच्या, हाताने गिअर बदलायच्या वेगवान गाड्यांखालीही तोच बसवला. मालवाहू गाडीचा संथ, प्रचंड ओढा आणि शर्यतीच्या गाडीचा एका क्षणात बसणारा झटका, या दोन टोकांच्या परीक्षा त्याने खडकावर चढण्याआधीच दिल्या होत्या.

आता खडकांची मागणी समजून घेऊ. सिएरा नेवाडा पर्वतातला रुबिकॉन ट्रेल सुमारे ३५ किलोमीटरचा आहे. जॉर्जटाउनकडून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या या वाटेवर लिटल स्लूस, कॅडिलॅक हिल असे टप्पे येतात आणि ग्रॅनाइटचे गाडीएवढे गोटे वाट अडवून बसलेले असतात. १९५३ पासून इथे जीपवाल्यांचा ‘जीपर्स जांबोरी’ हा मेळा भरतो. युटामध्ये मोआबचा ‘ईस्टर जीप सफारी’ १९६७ पासून चालू आहे. तिथला वालुकाश्म टायरला असा धरून ठेवतो की चाक घसरतच नाही. आणि एक्सलच्या जिवावर येते ते नेमके हे न घसरणे.

जेएल पिढीतल्या, हाताने गिअर बदलायच्या जीप रँग्लर रुबिकॉनचेच गणित घ्या. इंजिनाचा पीळ सुमारे ३५३ न्यूटन-मीटर. पहिला गिअर ५.१३, ट्रान्सफर केसचा लो गिअर ४, एक्सलचे प्रमाण ४.१०. तिन्हींचा गुणाकार सुमारे ८४. म्हणजे इंजिनातून निघालेला पीळ चाकांकडे पोचेपर्यंत कागदावर तीस हजार न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. एवढा पीळ एकाही शाफ्टच्या वाट्याला येत नाही, कारण त्याआधी चाक घसरते. टायरची पकड जिथे सुटते तिथे पीळ थांबतो. एका चाकावर हजार किलो भार आणि खडकाची पकड भरपूर, असे धरले तर ३३ इंची टायर ढोबळमानाने ४,१०० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ मागू शकतो. त्याच जागी ४० इंची टायर लावला तर ही मागणी ५,००० च्या घरात जाते. इंजिन तेच, गाडी तीच. फक्त चाकाची त्रिज्या वाढली, आणि त्यासोबत शाफ्टला पिळणारी तरफ लांबली. शिवाय दोन दगडांच्या बेचक्यात चाक अडकले, तर पकड सुटण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा काय तुटायचे ते तुटते. म्हणून एक्सलची खरी निवड टायर निवडतानाच होऊन गेलेली असते; पुढे उरतो तो हिशेब.

आता डाना ६० बाहेरून आत वाचत जाऊ. सर्वांत बाहेर हाउसिंग : मध्ये ओतीव गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवून वेल्ड केलेल्या पोलादी नळ्या. पूर्ण फ्लोटिंग रचनेत या नळीच्या टोकाला स्पिंडल असतो. त्यावर दोन निमुळती रोलर बेअरिंगे, आणि त्या बेअरिंगांवर चाकाचा हब फिरतो. गाडीचे वजन चाकाकडे जाते ते नळी, स्पिंडल, बेअरिंग या वाटेने. शाफ्टचा त्या वजनाशी काही संबंध राहत नाही. बैलगाडीचा आख जसा स्वतः न फिरता सगळी गाडी पेलतो आणि चाक त्याच्याभोवती मोकळे फिरते, तसेच हे हाउसिंग आहे. फरक एवढाच की याच्या पोटातून आणखी एक शाफ्ट जातो आणि तो चाकाला फिरवतो.

सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये ही दोन्ही कामे एकाच शाफ्टच्या गळ्यात असतात. चाक शाफ्टच्याच टोकाला जोडलेले असल्याने तो गाडीच्या वजनाने वाकतो आणि त्याच वेळी इंजिनाच्या ओढीने पिळतो. रोजच्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. वजन कमी, खर्च कमी, म्हणून बहुतेक लहान गाड्यांना तेच योग्य. पण १९९७ ते २००६ च्या टीजे पिढीतल्या जीपखालचा डाना ३५ पाहा. त्याचा शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या एका छोट्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की बाहेरचा तुकडा धरून ठेवणारे काही उरत नाही. तो तुकडा चाकासकट हाउसिंगमधून बाहेर सरकू शकतो. डाना ६० च्या पूर्ण फ्लोटिंग रूपात शाफ्ट तुटला तरी चाक स्पिंडलवर पक्के असते. बोल्ट काढायचे, तुकडे ओढून काढायचे, नवा शाफ्ट आत सारायचा. नवा शाफ्ट जवळ नसला तरी उरलेल्या एक्सलच्या ओढीवर गाडी डोंगरातून बाहेर काढता येते. अपघाताचे रूपांतर खोळंब्यात होते. या रचनेवर माझा जीव आहे तो सर्वांत जास्त याच गुणासाठी.

आता शाफ्ट. डाना ४४ चा नेहमीचा ३० स्प्लाइनचा, म्हणजे टोकाला ३० उभ्या खाचा असलेला, शाफ्ट १.३१ इंच व्यासाचा, तर दणकट डाना ६० चा ३५ स्प्लाइनचा दीड इंचाचा. डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, जेमतेम पाच मिलिमीटर. पण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास साडेचौदा टक्क्यांनी वाढला की ताकद दीडपट होते. म्हणून एक्सल विकत घेताना नुसते ‘साठ’ ऐकून खूश होऊ नये. जुन्या ट्रकांखालच्या कित्येक डाना ६० मध्ये पूर्ण फ्लोटिंग रचनेतही ३० स्प्लाइनचेच शाफ्ट असत. हाउसिंग साठचे आणि शाफ्ट चव्वेचाळीसचा, अशी जोडी निघू शकते. स्प्लाइन मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

व्यासाइतकाच धातूही महत्त्वाचा. साध्या शाफ्टांसाठी १५४१एच हे मँगॅनीजयुक्त कार्बन पोलाद वापरतात आणि त्याची वरची कातडी प्रेरण पद्धतीने तापवून कडक करतात. मजबूत शाफ्टांसाठी ४३४० हे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले मिश्र पोलाद. याचा मोठा गुण चिवटपणा : झटका बसला की ते थोडे पिळते आणि परत येते. याहून सुंदर गोष्ट चांगल्या शाफ्टच्या आकारात असते. त्याचे अंग स्प्लाइनच्या मुळाहून किंचित बारीक ठेवलेले असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही कसर वाटेल. पण अंग जाड आणि स्प्लाइनची खाच अरुंद असली, तर सगळा पीळ त्या खाचेत येऊन साचतो आणि तडा तिथेच सुरू होतो. अंग बारीक केले की पीळ शाफ्टच्या पूर्ण लांबीवर पसरतो. धातू काढून टाकून ताकद वाढवणे हे कारागिरीचे फार वरचे लक्षण आहे.

आता गोळ्याच्या आत. डाना ६० च्या क्राउनचा व्यास पावणेदहा इंच, म्हणजे जवळजवळ २४८ मिलिमीटर. डाना ४४ चा साडेआठ इंच. क्राउन मोठा असला की दात मोठे आणि एका वेळी जास्त दातांवर भार. इथे आणखी एक नाजूक हिशेब येतो. टायर ३३ वरून ४० इंचांचा केला तर मुळातले ४.१० चे प्रमाण तोकडे पडते. पहिल्यासारखी ओढ हवी असेल तर सुमारे ४.९७ लागेल. बाजारात ४.८८ मिळते, ५.३८ मिळते. ४.१० म्हणजे क्राउनला ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला, पिनियनला, १०. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. ५.३८ म्हणजे ४३ आणि ८. प्रमाण वाढते तसा पिनियन बारीक होतो, त्याचे दात कमी होतात आणि भार मोजक्या दातांवर येतो. लहान क्राउनच्या एक्सलमध्ये हे फार लवकर जिवावर बेतते. पावणेदहा इंचाच्या क्राउनसोबत आठ दातांचा पिनियनही अंगाने भरलेला राहतो. आकाराची उदारता इथे उपयोगी पडते.

पुढच्या एक्सलसाठी ‘हाय पिनियन’ निवडावा, असे जाणकार सांगतात. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या वर बसतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट दगडांपासून उंच राहतो. पण खरा लाभ दातांचा आहे. मागच्या एक्सलसाठी कापलेले साधे लो पिनियन क्राउन-पिनियन पुढे लावले, तर गाडी पुढे जाताना दातांच्या उलट्या, कमकुवत बाजूवर भार येतो. हाय पिनियनचे दात उलट दिशेने कापलेले असल्याने पुढच्या एक्सलमध्ये भार सुलट्या, मजबूत बाजूवर पडतो. हाच जोड मागे लावला तर गुणाचा दोष होतो : प्रोपेलर शाफ्ट उंच राहतो खरा, पण पुढे जाताना दात उलट्या बाजूवर काम करतात. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. गुण हा स्वतःपाशी गुण नसतो, योग्य जागी आला तरच गुण ठरतो, हे त्याचे म्हणणे इथे दातांच्या वळणात पडताळता येते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला फोर्डच्या जड पिकअपांखाली आलेले हाय पिनियन, किंगपिनवाले पुढचे डाना ६० भंगाराच्या आवारात आजही शोधले जातात, ते या औचित्यामुळेच.

पुढच्या एक्सलचे दुसरे अवघड काम वळणाचे. चाक वळलेले असताना त्याला पीळ द्यायचा, म्हणजे जॉइंट आला. साध्या क्रॉसच्या जॉइंटमध्ये कोन वाढला की गती एकसारखी राहत नाही. ३५ अंशांच्या कोनात आतला शाफ्ट एका लयीत फिरत असला, तरी बाहेरचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा धावतो. हा चढउतार साधारण ०.८२ ते १.२२ पट असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून खडकावर जोर लावताना क्रॉस तुटतात ते यामुळे. फोर्डमधला अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने विसाच्या दशकात सहा गोळ्यांचा समगती जॉइंट काढला. त्यात कोन कोणताही असो, गती सारखी राहते. आज डाना ६० साठी या जातीचे जाड जॉइंट असलेले शाफ्ट मिळतात. महाग आहेत, पण वळणे आणि पिळणे एकत्र आले तरी ते सहज पेलतात. ज्याला साधा क्रॉसच परवडतो त्याने स्टिअरिंगच्या थांब्याचा बोल्ट थोडा पुढे घ्यावा, म्हणजे चाक टोकाच्या कोनापर्यंत वळणारच नाही.

रसग्रहणात तुलना हवीच. फोर्डचा नऊ इंची एक्सल १९५७ चा. त्याचा पिनियन दोन्ही बाजूंनी बेअरिंगांवर टेकलेला असतो, त्यामुळे तो भाराखाली मागे झुकत नाही. शिवाय क्राउन-पिनियनचा सगळा गाभा पुढून एकसंध बाहेर निघतो. दुरुस्तीसाठी हे वरदान. पण त्याचा पिनियन मध्यरेषेच्या सव्वादोन इंच खाली बसतो, डाना ६० चा सव्वा इंचाहूनही कमी. जास्त खाली म्हणजे दात एकमेकांवर जास्त घासणार, उष्णता वाढणार आणि प्रोपेलर शाफ्ट दगडाच्या जवळ जाणार. उनिमोगचा पोर्टल एक्सल हे वेगळेच घराणे. चाकाच्या हबपाशी गिअर बसवून तो एक्सलला वर उचलतो, आणि शेवटची घट हबमध्येच होत असल्याने शाफ्टवर पीळही कमी येतो. विचार अप्रतिम आहे, पण प्रत्येक चाकापाशी आणखी गिअर, आणखी तेल, आणखी सील आणि आणखी वजन. डाना ६० या दोघांच्या मधोमध उभा आहे : मोजके भाग, आणि प्रत्येक भाग साध्या हत्यारांनी उघडता येणारा.

दोषही मनापासून सांगायला हवेत. साठचा गोळा मोठा, म्हणून खाली लोंबतो. टायरचा व्यास एक इंचाने वाढला तर एक्सल अर्धाच इंच उचलला जातो; छोट्या टायरवर साठ बसवणे म्हणजे मिळवलेली ताकद दगडावर आपटून घेणे. डायनाट्रॅकसारख्या कंपन्यांनी गोळ्याचे बूड वर घेऊन, घडण बदलून ही अडचण कमी केली आहे. वजन हा दुसरा दोष. एक्सलचे वजन स्प्रिंगांच्या खाली असते, म्हणून वेगात खडबडीत वाटेवर गाडी जास्त आदळते. शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा त्या वजनाला जुळवून घ्याव्या लागतात. साठच्या हबला बहुधा आठ बोल्ट, रँग्लरला पाच. म्हणजे रिमा बदलणार, ब्रेक बदलणार, एबीएसच्या सेन्सरांसाठी कडी बसवावी लागणार. हा खर्च एक्सलच्या किमतीत धरला नाही तर निवडच चुकते.

आपल्याकडे ही रचना परकी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा मागचा एक्सल स्पाइसरचाच होता आणि पूर्ण फ्लोटिंग होता. त्याचे प्रमाण ४.८८ होते. पुढे नागरी सीजे-३बी मध्ये ते ५.३८ होते. महिंद्रांनी मुंबईत आधी विलिस जीप जोडल्या आणि मग सीजे-३बी परवान्यावर वर्षानुवर्षे बनवली. चाळीस इंची टायर लावणारे लोक आज ज्या दोन आकड्यांमध्ये अडतात, ते जीपच्या जन्मापासून तिच्यासोबत आहेत. २०२१ पासून रँग्लर पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाऊ लागली. मात्र मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापलीकडचा बदल मान्य करत नाही. म्हणून अशी एक्सलबदली भारतातल्या सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत करू नये. ती कला तिच्या मायभूमीत, तिथल्या खडकांवर वाचावी.

तिथल्या निवडीचा सारांश असा. टायर ३५ इंचांपर्यंत आणि गाडी हलकी असेल, तर डाना ४४ ला ४३४० चे शाफ्ट द्यावेत आणि पातळ नळ्यांना आतून नळी किंवा बाहेरून ट्रस वेल्ड करून आधार द्यावा. २००३ मध्ये पहिल्या रँग्लर रुबिकॉनला पुढे-मागे डाना ४४ आणि दोन्हीकडे लॉकर (एक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी जोडणी) मिळाले, तेव्हा तिचे टायर ३१ इंची होते. ती जोडी मापात होती. टायर ३७ इंचांचा, गाडी चार दारांची, सामानाने भरलेली आणि वाट ग्रॅनाइटची असेल, तर निदान मागे साठ. टायर ४० इंचांचा असेल तर पुढे-मागे साठच. शाफ्ट ३५ स्प्लाइनचे, पुढे हाय पिनियन, मागे पूर्ण फ्लोटिंग, आणि लॉकर हवे तेव्हा लावता-सोडता येणारा, कारण पुढचा लॉकर कायम जुळलेला असेल तर स्टिअरिंग जड होते. गिअर तेल जीएल-५ दर्जाचे, कारण मध्यरेषेबाहेर बसलेल्या पिनियनचे, म्हणजे हायपॉइड, दात घासत चालतात आणि साधे तेल तो दाब सोसत नाही.

बाजारात कोणताही विक्रेता आपल्या एक्सलची ताकद सांगेल. निवड करणाऱ्याने त्याला आणखी एक प्रश्न विचारावा : यातले सर्वांत आधी काय तुटेल, आणि ते तुटल्यावर चाक कुठे असेल? ज्याच्याकडे या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे आणि ‘चाक जागेवरच असेल’ हे जो गोळा उघडून, स्पिंडल दाखवून सिद्ध करू शकतो, त्याचाच एक्सल घ्यावा.